मोडकी फटफटी

फटफटी भंगारात घालावी की दुरुस्त करावी, या प्रश्नाने महिनाभर आमच्या घरची झोप उडवली आहे. एमआयडीसीच्या रुंद, सरळ रस्त्यावर पहाटे शर्यत लावून पुतण्याने ती खांबावर घातली. मनगट मोडले, पण पोरगा वाचला. या शर्यतीला तो 'ड्रॅग' म्हणतो. वळण नाही, चढ नाही. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी कापतो एवढेच पाहायचे!

गाडी यामाहा आरएक्स १००. १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण टू-स्ट्रोक, आणि अंगाने हलकी. म्हणून शर्यतवाल्या पोरांचा तिच्यावर अजून जीव. घेतली होती माझ्या थोरल्या भावाने. तो आता नाही.

"भाऊजी, विकून टाका," वहिनी म्हणाल्या. "व्हेस्पा इथेच बारामतीत बनते, ती घ्या." (२०१२ पासून बनते, हे खरे.)

मिस्त्री म्हणाला, "अण्णा, पिस्टन, क्रँक बसवू. पण चेसी वाकलीय. बदलली तर तिच्यावरचा नंबरही गेला."

म्हणजे गाडीची ओळखच गेली!

"सरळ केली तर?"

"दिसेल सरळ. पण वेगात एका अंगाला ओढेल."

"आणि सावकाश?"

"मंडईपर्यंत काही होत नाही."

"मग सरळच कर," मी म्हणालो. पुतण्या प्लास्टरातला हात सावरीत गप्प उभा होता.

रात्री वाढताना वहिनींनी हळूच विचारले, "हॉर्न तरी तोच राहील ना?"