बाळ कुठल्या शाळेत जाणार?

जुलैचा पहिला आठवडा होता. खिडकीखालून मिरवणूक चाललेली. माणसांच्या गळ्यात भगवे पट्टे, पुढे बासऱ्या, मध्ये झेंडे, मागे एक भलामोठा ढोल. लेकीच्या बाळंतपणाला ग्लासगोला आलेली मी अवसरी खुर्दची बाई. ढोलाचा आवाज आल्यावर घरात कशी थांबेन? येणाऱ्या बाळाचं दुपटं बाजूला ठेवून मोबाइल घेतला आणि दाराकडे निघाले, तर जावई आडवे आले.

"आई, वरूनच बघा."

"का हो? देवाची दिसतेय."

"देवाची नाही, राजाची आहे," ते म्हणाले.

1690 साली आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी विल्यम या प्रोटेस्टंट राजाने जेम्स या कॅथलिक राजाला हरवलं. विल्यम ऑरेंज घराण्याचा, म्हणून पट्टे नारिंगी आणि मिरवणुकीचं नाव ऑरेंज वॉक. आपण पानिपत उगाळतो ते हरल्याचं. हे लोक जिंकल्याचं उगाळतात, आणि हरलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या वस्तीवरून ढोल बडवत जायचा हट्ट धरतात. रस्त्यावर एवढे पोलीस का, ते तेव्हा कळलं.

तोवर माझ्या लेखी ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. येशू एक, बायबल एक, मग भांडण कशाचं? जावयांनी समजावायला घेतलं आणि पोप, राजा असं काहीबाही सांगत दहाव्या मिनिटाला फुटबॉलवर आले. मला वाटलं, विषय बदलला. विषय तोच होता.

शहरात दोन मोठे संघ. रेंजर्स 1872 चा, निळा. सेल्टिक 1887 चा, हिरवा-पांढरा. आयर्लंडात बटाट्याचं पीक बुडालं, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा हजारो कॅथलिक कुटुंबं इकडे आली. त्यांच्या पोरांना जेवण घालायला पैसा उभा राहावा म्हणून ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूंनी सेल्टिक काढला. बटाट्याचं ऐकून मी जरा सावरून बसले. आमच्या तालुक्यात बटाटा करपला की घराघरात काय होतं ते मला सांगावं लागत नाही. पण त्यासाठी फुटबॉलचा संघ?

रेंजर्स मुळात कुठल्या धर्माचा म्हणून निघाला नव्हता. चार पोरांनी हौसेने काढलेला. पुढे 1912 च्या सुमारास बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ कंपनीने इथे गोव्हनमध्ये जहाजं बांधायचा कारखाना चालवायला घेतला, तिकडचे प्रोटेस्टंट कामगार आले, आणि शेजारच्या मैदानावरचा संघ त्यांचा झाला. नंतर कित्येक वर्षं रेंजर्सने उघडपणे कॅथलिक असलेला नावाजलेला खेळाडू घेतलाच नाही. 1989 साली मो जॉन्स्टनला घेतलं, तर त्यांच्याच काही पाठीराख्यांनी गळ्यातले मफलर जाळले. सेल्टिकचं तसं नव्हतं. 1967 साली त्यांना युरोपियन कप जिंकून देणारा प्रशिक्षक जॉक स्टीन प्रोटेस्टंट घरातला. हे ऐकून मी लगेच हिरव्यांची बाजू घेतली. जावई म्हणाले, "थांबा, त्यांच्या गर्दीत काय गाणी म्हणतात तीही ऐका." आणि दोन्हीकडची ऐकवली. मला शब्द कळले नाहीत. लेकीने अर्थ सांगायला नकार दिला.

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात काय कमी ईर्ष्या असते? बारी सुटली की सख्खे भाऊ दोन गाडामालकांच्या बाजूने गळे फाडतात. पण गाडा कोणाचा यावरून माणसाचा देव कोणता ते कोणी ठरवत नाही. इथे उलटं. ऑगस्ट सरता सरता दोघांचा सामना आला, तेव्हा आम्ही दवाखान्यात निघताना जावई मला म्हणाले, "आई, आज हिरवी शाल नको." हातातला हिरवा चुडा मी पुढे केला. "तो चालेल," म्हणाले, पण बसमध्ये बसल्यावर मीच बाह्या खाली ओढल्या. वाटेत दारूचं दुकान सुरू होतं. मैदानात मात्र 1980 पासून दारू बंद. त्या वर्षी अंतिम सामन्यानंतर दोन्हीकडचे लोक मैदानात उतरून एकमेकांना झोडपत होते. आणखी एक गंमत जावयांनी सांगितली. पूर्वी बिअरची कंपनी जाहिरात द्यायची तर दोन्ही संघांच्या सदऱ्यांवर द्यायची. एकाच्याच छातीवर दिली असती तर निम्म्या शहराने ती बाटली उचलली नसती.

हे सगळं मला लांबून बघायची गोष्ट वाटत होती. मग खालच्या मजल्यावरची आजी बाळाला बघायला आली. लोकरीचे मोजे आणले होते, बाळाच्या मुठीत नाणं ठेवलं, गोड बाई. जाता जाता लेकीला म्हणाली, "मोठा झाला की कुठल्या शाळेत घालणार?" तीन आठवड्यांचं पोर! मी हसले. लेक हसली नाही. इथे सरकारी शाळांतही कॅथलिकांच्या वेगळ्या आहेत, 1918 च्या कायद्यापासून. त्यामुळे माणूस कुठल्या शाळेत गेला हे कळलं की घर कोणतं, चर्च कोणतं, शनिवारी रंग कोणता, सगळं कळतं. धर्म विचारायची गरजच पडत नाही.

हा प्रश्न मी ओळखला. अवसरीत अभियांत्रिकी महाविद्यालय झाल्यापासून आमच्या माडीवरच्या दोन खोल्या पोरांना भाड्याने असतात. नवं पोरगं दारात आलं की मी पाणी देते आणि विचारते, गाव कोणतं, आडनाव काय. आडनावावरून नाही लागलं तर वडील काय करतात. तेवढ्याने भागतं. पुढचं कोणी बोलत नाही. कधी खोली रिकामी असते, कधी "पाहुणे यायचेत" असतं. त्या आजीच्या आवाजात तोच गोडवा होता.

जावई सांगलीचे. मी म्हटलं, "आपल्याकडे निदान खेळात तरी असलं नव्हतं," तर त्यांनी विजय हजारेच काढले. हजारे सांगलीचे, ख्रिस्ती. मुंबईत तेव्हा क्रिकेटची मोठी स्पर्धा धर्मवार व्हायची: युरोपियन, पारशी, हिंदू, 1912 पासून मुसलमान. 1937 साली पाचवा संघ आला, त्याचं नाव 'द रेस्ट', म्हणजे उरलेसुरले! हजारे त्या उरलेल्यांत. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात 387 केल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. धाकटा भाऊ विवेक 21 धावा काढत समोर उभा राहिला. तरी डावाने हरले. आणि हिंदूंच्या संघात सगळे हिंदू सारखे होते म्हणावं, तर तेही नाही. पालवणकर बाळू चर्मकार समाजातले. एवढे थोर गोलंदाज, पण पुण्यात चहा त्यांना वेगळ्या भांड्यात, बाहेर. कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. 1923 साली त्यांच्या भावाला, विठ्ठलना मिळालं. स्पर्धा बंद पडली ती 1946 साली.

"मग यांनाच काय हसायचं," मी म्हटलं. जावई काही बोलले नाहीत. ते मोबाइलवर शाळांची यादी बघत होते. घराजवळची कॅथलिक शाळा चांगली म्हणतात, इतर धर्मांची मुलंही घेतात. ग्लासगोत एक कॅथलिक शाळा अशी आहे की तिथे बहुतेक मुलं मुसलमान. मी पुन्हा गोंधळले आणि विचारणं सोडून दिलं.

निघायच्या आधी एक तरी सामना बघायचा होता. मोठ्या सामन्याचं तिकीट मिळणं अवघड, आणि मिळालं असतं तरी लेकीने जाऊ दिलं नसतं. म्हणून जावयांनी फरहिलला नेलं, पार्टिक थिसलच्या मैदानावर. लाल-पिवळा संघ, ग्लासगोचाच. ज्यांना निळंही नको नि हिरवंही नको ते इथे येतात, असं म्हणतात. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पाऊस तिरपा येत होता. शेजारचा म्हातारा आपल्याच खेळाडूंना मनापासून शिव्या देत होता, तेवढ्या मात्र मला न शिकवता कळल्या.

"हे जिंकतात का कधी?" मी विचारलं.

"1971 साली लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकला 4-1 ने हरवलं होतं."

"आणि त्यानंतर?"

"आई, चहा घेणार का?" जावई म्हणाले.