गावाला जाताना मासे

बंद घरात मागे राहिलेले पाळीव मासे भुकेने क्वचितच मरतात. निघताना मायेपोटी टाकलेले जास्तीचे खाणेच बहुधा त्यांचा जीव घेते.

सुरतजवळच्या कडोदऱ्यातल्या मराठी घरांत ही वेळ वर्षातून दोनदा येते. दिवाळीला लूम बंद पडतात, शाळांना तीन आठवड्यांची सुट्टी लागते आणि खानदेशातून आलेली कुटुंबे चलथाण किंवा उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघतात. उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा तेच. तुळशीला पाणी घालायला शेजारीण असते. माशांचे काय, हे दाराशी पिशव्या आल्यावर आठवते.

अशा घरात पहिले मासे येतात ते लेकराच्या हट्टाने: गोल काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश. निघायच्या सकाळी रिक्षा खाली उभी असते आणि मूल डबीतून दाणे टाकत असते, रोजची एक चिमूट या हिशेबाने पंधरा दिवसांच्या पंधरा. दाणे फुगतात, तळाशी बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांवर पांढरी बुरशी धरते आणि पाणी गढूळ होते. कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो, कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. परतल्यावर उताणे मासे पाहून घर म्हणते, उपाशी मेले. मूल ते मनाला लावून घेते आणि पुढच्या खेपेला आणखी दोन चिमटी जास्त टाकते.

माशांना उपवास झेपतो, कारण ते शीतरक्ती आहेत. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्यांना अन्न जाळावे लागत नाही. धडधाकट, वाढ झालेले मासे आठवडाभर सहज निभावतात. गोल्डफिशला तर जठरच नसते. एका वेळी खूप खाऊन साठवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. अपवाद पिल्लांचा. गप्पी-मॉलीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिवसातून अनेकदा खाणे लागते, त्यांना एकटे सोडू नये.

मूल मोठे होते, कमावू लागते आणि गोल भांड्याच्या जागी फिल्टरची मोठी टाकी येते. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. घर बंद करताना मेन स्विच पाडायची शिस्त अनेक घरांत असते. टाकी असलेल्या घरात ती घातक ठरते. फिल्टर आणि एअर पंपाचा प्लग चालू राहिलाच पाहिजे. आखाजीच्या दिवसांत हे अधिक खरे, कारण 20 अंश तापमानाचे पाणी लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरते, 30 अंशांचे जेमतेम साडेसात.

निघण्याच्या एक-दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्यावा. नळाच्या क्लोरीनने त्यातले जीवाणू मरतात. त्या आठवड्यात नवे मासे आणू नयेत. उन्हाळ्यात पाणी आटते, म्हणून टाकी काठाच्या थोडे खालपर्यंत भरून घ्यावी.

आठवड्यापेक्षा मोठ्या सुट्टीला शेजारी लागतोच. त्याच्या हाती डबी देऊ नये. कागदाच्या पुड्या बांधून द्याव्यात, एका पुडीत एका वेळचे, रोजच्यापेक्षा कमीच दाणे. आठवड्याला दोन पुड्या पुरतात. त्याने पंप चालू आहे ना आणि एखादा मासा मेला तर नाही ना, एवढे पाहावे. मेलेला मासा लगेच काढावा. दाणे टाकणारे स्वयंचलित यंत्र चांगले, पण ते आठवडाभर आधी लावून पाहावे, कारण दमट हवेत दाणे यंत्राच्या तोंडाशी चिकटतात. पाण्यात विरघळणारी पांढरी वडी मात्र टाळावी. तिच्यातले न खाल्लेले अन्नही शेवटी कुजतेच.

परतल्यावर पहिल्या दिवशी चिमूटभरच द्यावे, आणि पाणी गढूळ दिसले तरी सगळे एकदम बदलू नये.

पुढे याच घरात दुसऱ्या पिढीचे मूल निघायच्या सकाळी डबीकडे हात नेते. त्याला रागावू नये. आदल्या रात्री शेजारी बसवून पुड्या त्याच्याच हातून बांधून घ्याव्यात.