काळ्या मातीतली कण्हेर

आमच्याकडं बाग वेगळी नसायची. न्हाणीचं पाणी जिथवर वाहत जाई तिथवर परस हिरवा. चार केळी, अळू, एक शेवगा, तगर. त्या पाण्याच्या वाटेपासून दूर, पडक्या मातीच्या भिंतीला लागून दोन कण्हेरी होत्या. एक गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची. दुसरी पांढरी, पाच पाकळ्यांची. कयाधूकाठच्या त्या गावात मला फूल म्हणून जे पहिलं कळलं, ते कण्हेरीचं.

पांढरी फुलं महादेवाची. आजी ती भल्या पहाटे परडीत काढायची आणि महाशिवरात्रीला पळसाच्या पानात बांधून औंढ्याला न्यायची. नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरायची वाट अरुंद, गर्दी दाटलेली. तरीही ती पुडी चेंगरू न देता ती खाली उतरायची. गुलाबी फुलांवर मात्र आम्हा मुलींचा हक्क होता, वेणीत माळायला. एकच अट असे. "पोरी, आधी हात धू, मग भाकरीला हात लाव." कण्हेरीच्या पानाफुलांपासून मुळापर्यंत विष आहे, हे आजीनं पुस्तक न वाचता सांगितलं. गोठा तिनं मुद्दाम परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता, आणि छाटलेली कण्हेर ती कधी चुलीत घालू देत नसे. तिचा धूरही वाईट, म्हणायची. पुढं कॉलेजात शिकले की ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं आणि लाकडाच्या धुरातही उतरतं. आजीच्या नियमांत बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. वडील खडी फोडायच्या कामावर जात, घरात लाल मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी. आडाचा तळ दिसू लागला. तुळशीला भांडी विसळलेलं पाणी मिळे, केळी तर आधीच गेल्या. कण्हेरीला कुणी थेंबही घातला नाही, घालण्यासारखं नव्हतंच. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि त्या भिंतीशी गुलाबी घोस. माय त्या दिवसांत फारशी बोलत नसे, पण संध्याकाळी भिंतीजवळ जाऊन उभी राहायची. त्या वर्षानंतर कण्हेर मला नुसतं फुलझाड वाटली नाही.

ती कशी तगली याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. वनस्पतिशास्त्राच्या तासाला कण्हेरीच्या पानाचा पातळ आडवा छेद घ्यायचा होता. वरची त्वचा जाड, अनेक थरांची. पाण्याची वाफ ज्या पर्णरंध्रांतून उडते ती पानाच्या खालच्या बाजूला खोल खळग्यांत दडलेली, आणि प्रत्येक खळगा बारीक केसांनी भरलेला. बाहेरचा कोरडा वारा तिथं सरळ पोचतच नाही. हे झुडूप मुळात पावसाळ्यात पूर आणि उरलेलं वर्ष कोरडं पात्र अशा ओढ्याकाठी वाढणारं. आमच्या ओढ्यांचा स्वभाव दुसरा काय आहे?

हिमालयाच्या बाजूचं फुलांचं वैभव मी पाहिलं ते धाकट्या बहिणीमुळं. तिचा नवरा सैन्यात, काही वर्षं ती दार्जिलिंगच्या बाजूला होती. "ताई, या वेळी चैत्रात ये, अझेलिया बघायला," असं तिनं कळवलं आणि मी गेले. अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली बुटकी झुडपं. बारमाही हिरवी राहणारी बरीचशी मुळात जपानकडची. घराच्या पायऱ्यांना लागून ती अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं. पांढरी, किरमिजी, फिकट जांभळी. मला ती मनापासून आवडली, आजही आठवली की बरं वाटतं.

बहिणीनं पुढं एक कुंडी हिंगोलीला आणली. पावसाळाभर झाड टवटवीत राहिलं. बोअरचं पाणी सुरू झालं तशी नवी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. त्या झाडाला आंबट माती लागते, सामू साडेचार ते सहाच्या आसपास. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, चुनखडी धरून असलेली. तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर, आणि बोअरचं पाणीही जड. अशा मातीत लोह भरपूर असलं तरी झाडाच्या मुळांना ते उचलता येत नाही. वर मे महिन्यात बेचाळीस अंशांचं ऊन. दाट सावली, कोकोपीट, साठवलेलं पावसाचं पाणी एवढं सगळं पुरवून कुणी अझेलिया इथं जगवली तर त्याच्या निष्ठेला माझा नमस्कार. पण ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडे घेऊन वाट बघावी लागते, तिथं झाडाची निवड पाण्याकडं बघूनच करावी, हे माझं ठाम मत आहे.

१९९९ च्या १ मे रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. पुढं शहरात आम्ही घर बांधलं तेव्हा कुंपणाला पहिल्यांदा लावल्या त्या आजीच्या भिंतीजवळच्या फांद्या. गावची भिंत आता नाही, पण झाड तेच आहे. दरवर्षी पावसाळा सरताना कण्हेरीवर मोठ्या हिरव्या अळ्या येतात, डोक्यामागं निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. इतरांना मारणारं विष त्या पचवतात आणि फांद्या ओरबाडून टाकतात. शेजारी औषध फवारायला सांगतात. मी फवारत नाही. त्या अळीचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा, फार देखणा असतो, आणि कण्हेर महिन्याभरात पुन्हा पालवते.

हल्ली महामार्गांच्या दुभाजकांवर मैलोन् मैल हीच दिसते. ट्रकचा धूर, तापलेलं डांबर आणि टँकरच्या पाण्याची अनिश्चित पाळी हे सगळं सोसून. अणुबॉम्बनं जळालेल्या हिरोशिमात ती लवकर फुलली म्हणून त्या शहरानं तिला आपलं फूल मानलं, हे वाचलं तेव्हा मला बहात्तर सालची आमची भिंत आठवली. रस्त्यावरची म्हणून तिला दारात नको म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी एकदा ऐन वैशाखात आपल्या कुंड्यांकडं बघावं आणि मग दुभाजकाकडं.

मृगाच्या सरींनी जमीन ओली झाली की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा आणि पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, भरपूर ऊन येईल तिथं खोचा. पहिला उन्हाळा तेवढं पाणी द्या. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटणी करा. लहान लेकरं आणि ढोरं यांच्यापासून ती दूर ठेवा, छाटलेलं जाळू नका, हात धुवा. माझ्या कुंपणाची छाटणी या पावसाळ्याच्या तोंडावर आहे. हिंगोलीत असाल तर हव्या तेवढ्या फांद्या हक्कानं मागून न्या, पांढऱ्या आणि गुलाबी दोन्ही.