ओळंबा

सेकंड इयरला बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या प्रॅक्टिकलला आम्ही पहिल्यांदा भिंत बांधली. म्हणजे बांधली गवंडीकाकांनी, आम्ही विटा दिल्या! "पोरी, तो ओळंबा दे," काका म्हणाले आणि मी नुसती बघतच राहिले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला 'प्लंब बॉब' माहीत, ओळंबा कुठून माहीत असणार? काका हसले. मग ओळंबा, गुण्या, पाणसळ सगळ्यांची एकेक करून ओळख करून दिली.

पुढे दिवाळीत मामाकडे मुंबईला गेले. फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलसमोरून जाताना मामा म्हणाला, "ही गवंड्यांची सोसायटी. फक्त आत गवंडी नसतात!" मला गंमत वाटली. परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचून काढलं.

मित्रमैत्रिणींनो, फ्रीमेसन म्हटलं की आपल्याला गुप्त खुणा आणि काळी जादूच आठवते. प्रत्यक्षात ही पुरुषांची जुनी संघटना. तिची पहिली ग्रँड लॉज १७१७ साली लंडनमध्ये स्थापन झाली असं परंपरेने मानतात. आपली ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ ची. बंधुभाव, मदत आणि सत्य ही त्यांची तत्त्वं. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही. आणि मूल्यं शिकवायची ती गवंड्याच्या हत्यारांवरून! गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं आणि पाणसळ म्हणजे समता. साहेब असो की कारकून, आत सगळे बंधू.

पण खरी परीक्षा दारातच होते. माणेकजी कर्सेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना. अखेर पॅरिसच्या लॉजने त्यांना घेतलं. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली, खास भारतीयांसाठी. म्हणजे समता शिकवणाऱ्यांनाही पाणसळ स्वतःच्या उंबऱ्यावर ठेवायला वेळ लागला! मला आवडलं ते पुढचं. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा ही इंग्रजी शाळा काढली. ज्याच्यासाठी दार बंद होतं, त्याने दुसऱ्या कुणासाठी तरी दार उघडलं.

ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये आजही फक्त पुरुषच सदस्य होतात. मला रागच आला. "सगळे बंधू म्हणे! मग आम्ही कोण?" रूमवर मी तावातावाने भाषण ठोकत होते आणि बोलता बोलता नजर माझ्या टेबलावरच्या फोटोवर गेली.

प्रॅक्टिकलच्या शेवटच्या दिवशीचा ग्रुप फोटो. आम्ही सगळे आहोत, सर आहेत, मागे भिंत आहे. काका नाहीत. कारण कॅमेरा आम्ही त्यांच्याच हातात दिला होता. "काका, जरा एक फोटो काढता का?" हे म्हणणारी मीच. काकांचं नाव काय, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

भाषण तिथेच थांबलं.

भिंत अजून वर्कशॉपमागे उभी आहे, ओळंब्यात अगदी सरळ. काका आता दुसऱ्या साईटवर असतात, पण या टर्मला ज्युनिअर्सच्या प्रॅक्टिकलला येणार आहेत असं कळलंय. त्या दिवशी मी वर्कशॉपवर जाणार आहे. आधी नाव विचारीन. मग फोटो. या वेळी कॅमेरा मी धरीन.