आम्हीं न ऐकलेला गोल

फुटबॉलच्या खेळाशीं आमच्या घराण्याचा संबंध तो काय? आजोबा वकील. चेंडूला लाथ मारण्यासाठीं माणसाचा जन्म मिळालेला नाहीं असें त्यांचें ठाम मत होतें, आणि अंगणांत क्रिकेटची फळी दिसली तरी ती संध्याकाळपर्यंत बंबांत जाण्याचें भय असे. असें असतां, आज साठीच्या उंबरठ्यावर, "सर्वांत सुंदर गोल कोणता?" असें घरांतील मुलांनीं विचारलें कीं आमच्या तोंडून ज्या गोलाचें नांव निघतें, तो आम्हीं पाहिलेला तर नाहींच, पण खरें सांगावयाचें तर ऐकलेलाही नाहीं!

याचें मूळ गोंदियाच्या रेल्वेंत आहे. गोंदिया आज स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें आहे. १ मे १९९९ पूर्वीं तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. पण आम्हां गोंदियाकरांना भंडाऱ्यापेक्षां कलकत्ताच जवळचें वाटे. मुंबईहून हावड्यास जाणारी गाडी आमच्याच फलाटावर थांबे, आणि तेथूनच छोटी लाईन बालाघाटच्या रानांत शिरे. हा मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेचा. त्या कंपनीनें रुळांबरोबर बंगाली बाबूही आणले. पुढें कंपनी गेली, दक्षिण-पूर्व रेल्वे आली, पण बाबू राहिले. धानाच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांच्या या गांवांत त्यांची दुर्गापूजा आणि त्यांचें फुटबॉल हीं दोन्ही मोठ्या निष्ठेनें चालत.

त्यांपैकीं एक गार्डबाबू आमच्या वाड्याच्या मागील सोप्यांत बिऱ्हाडकरू होते. ते मूळचे कलकत्त्याचे, म्हणून मोहन बागानचे. त्यांच्या पत्नीचें माहेर पद्मेपलीकडचें, म्हणून त्या ईस्ट बंगालच्या. या दोन संघांचा सामना म्हणजे बंगाली घरांत काय प्रसंग असतो हें आम्हां मराठी मंडळींस सांगून समजणें कठीण. ईस्ट बंगाल जिंकला तर हिलसा मासा, मोहन बागान जिंकला तर झिंगा, असा त्यांच्यांत रिवाज; आणि जिंको कोणीही, आमची आजी मधल्या दाराची कडी घालून बसे, हा आमच्यांतला रिवाज.

सन १९७० पासून सहा वर्षें कलकत्ता लीग ईस्ट बंगालनेंच जिंकली होती. त्यांत ३० सप्टेंबर १९७५ रोजीं आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं मोहन बागानला पांच-शून्य असें लोळविलें. गार्डबाबू दोन दिवस जेवले नाहींत. या पराभवाच्या दुःखानें एका तरुण चाहत्यानें जीव दिल्याची बातमी आली, तेव्हां फुटबॉलवर तोंडसुख घेण्याची एकही संधि न दवडणाऱ्या आमच्या आजोबांनीं चष्मा काढला, आणि त्या दिवशीं मुळीं एक शब्दही उच्चारला नाहीं.

पुढल्याच वर्षीं प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी ईस्ट बंगाल सोडून मोहन बागानकडे आले, आणि त्याच सुमारास हैदराबादचे दोघे बंधूही तेथें आले : महंमद हबीब आणि महंमद अकबर. थोरल्यास सारें कलकत्ता 'बडे मियाँ' म्हणे, धाकट्यास 'छोटे मियाँ'. दोघेही पूर्वीं ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या सदऱ्यांत खेळलेले. म्हणजे गार्डबाबूंच्या पत्नीच्या दृष्टीनें सासरीं गेलेल्या मुलीच! हबीब १९७० च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांतला. शरीरानें लहानखुरा, पण खेळांत कुचराई केलेली त्यास खपत नसे, मग ती धाकट्या भावानें कां केलेली असेना. गार्डबाबू म्हणत, "अकबर कुठें उभा आहे तें हबीबला पाहावें लागत नाहीं, त्याला तें ठाऊक असतें."

आम्हां मुलांनीं हीं नांवें तात्काळ उचललीं. थोरले काका ते बडे मियाँ, धाकटे काका ते छोटे मियाँ. परंतु या नांवांत जो विनोद होता तो तेव्हां आम्हांस कळला नाहीं, कारण आमच्या घरचे हे दोघे बंधु त्या वर्षीं एकमेकांशीं बोलत नव्हते. अर्जुनीकडील शेताच्या रोवणीच्या खर्चावरून निघालेली गोष्ट वाड्याच्या वांटणीपर्यंत गेली होती. आजोबांनीं स्वतःच्या हस्ताक्षरांत यादी केली होती. इतरांच्या घरच्या वांटण्या करण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांनीं स्वतःच्या घरची यादी करतांना तीन वेळां शाई बदलली, असें आजी सांगे. त्या यादींत माजघरांतला रेडिओ थोरल्यांच्या नांवावर लागला आणि त्यावरील भिंतींतलें घड्याळ धाकट्यांच्या. वस्तू मात्र अजून जागच्या जागींच होत्या.

२४ जुलै १९७६, शनिवार. आमची सकाळची शाळा आटोपलेली, बाहेर पावसाची झड, आणि माजघरांत सारें घर जमलेलें. गार्डबाबूंचा स्वतःचा रेडिओ नादुरुस्त, म्हणून ते सपत्नीक आमच्याकडे आलेले. काचेच्या नळ्यांचे ते जुने रेडिओ ज्यांनीं वापरले आहेत त्यांस आठवत असेल कीं, कळ फिरविल्यावर आधीं हिरवा डोळा हळूहळू उघडे, मग आंत घरघर होई, आणि चांगलें अर्धें-पाऊण मिनिट गेल्यावर आवाज फुटे. म्हणून रेडिओ वेळेपूर्वीं लावून ठेवावा लागे. हें काम नेहमीं धाकट्या काकांचें. लघुलहरींच्या गर्दींतून कलकत्ता शोधून काढण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या दिवशीं ते उठले नाहींत. रेडिओ दादांचा, दादांनीं सांगितल्यावांचून हात कसा लावावा? आणि थोरले काका सांगेनात. रोज न सांगतां लावतो, आज कां सांगावें? दोघेही पाटावर मान खालीं घालून बसलेले. आजोबा खाकरले. आम्हां मुलांना बोलण्याची सोय नव्हती. गार्डबाबू बिऱ्हाडकरू; मालकांच्या घरांत त्यांनीं पुढें व्हावें कसें? अखेर घड्याळाचा काटा सामन्याच्या वेळेवर आला तेव्हां त्या गृहस्थास राहवेना. "माफ करना, वकीलसाब!" असें म्हणून त्यांनीं उडी घेतली आणि कळ फिरविली.

हिरवा डोळा उघडूं लागला. घरघर सुरू झाली. तिकडे कलकत्त्यास पंचांची शिटी झाली होती. अजय बसू, पुष्पेन सरकार यांसारख्या निवेदकांचे आवाज त्या काळीं बंगालच्या घराघरांत ओळखीचे होते. पण आमच्या माजघरांत अखेर जो आवाज फुटला तो कोणा एकाचा नव्हताच. ती सहस्र कंठांची गर्जना होती, आणि तींत बुडालेला एक शब्द पुन्हां पुन्हां वर येत होता : अकबर! गार्डबाबू जागच्या जागीं उभे राहिले, मग मटकन खालीं बसले आणि लहान मुलासारखे रडूं लागले. त्यांच्या पत्नीनें पदर तोंडास लावला. आम्ही समजलों, कोणी तरी मेलें.

गोल झाला होता. सतराव्या सेकंदास! ईस्ट बंगालच्या कोणाही खेळाडूस नीट श्वास घेण्यास अवसर मिळाला नव्हता. पुढें सारा वेळ खेळ चालला, परंतु दुसरा गोल झाला नाहीं. मोहन बागान एक-शून्य असें जिंकलें, आणि त्या वर्षींची लीगही त्यांनींच जिंकली.

गार्डबाबूंनीं रात्रीं आमच्या ओसरीवर सुपाऱ्या मांडून तो गोल आम्हांस दाखविला. तोही ऐकीव आणि पुढें वर्तमानपत्रांत वाचून पक्का केलेला. बगलेवरून उलगनाथननें चेंडू मध्यें टाकला. हबीब उसळला. "येथें तो स्वतः मारूं शकला असता," असें म्हणून गार्डबाबूंनीं मधली सुपारी उचलून धरली आणि थोरल्या काकांच्या अंगावरून दृष्टि फिरविली. त्यांच्या मनांत कांहीं होतें कीं नाहीं, देव जाणे. "पण त्यानें डोक्यानें अलगद उतरवून दिला. कोणाला? छोटे मियाँला." अकबरची सुपारी थेट आजीच्या पानाच्या डब्यांत जाऊन पडली.

वाचकांस वाटेल कीं यानंतर काकांचें मनोमीलन झालें असेल. तसें कांहीं झालें नाहीं. सन १९७८ मध्यें अंगणांत भिंत उठली. तत्पूर्वीं, २४ सप्टेंबर १९७७ रोजीं, ईडन गार्डन्सवर खुद्द पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून मोहन बागानशीं खेळला, सामना दोन-दोन असा सुटला, आणि त्यांतील एक गोल हबीबनें केला. ती वार्ता धाकट्या काकांनीं मोठ्यानें, सर्वांस ऐकूं जाईल अशी वाचली होती. थोरले काका पलीकडच्या खोलींत होते. तिकडून फक्त "वा!" एवढेंच आलें. पण आलें. भिंत झाल्यावर रेडिओ तिकडे गेला आणि घड्याळ इकडे राहिलें. गार्डबाबूंची बदली खडगपूरला झाली. पुढें थोरले काका वारले, तेव्हां तेराव्याचे विधि उरकल्यावर थोरल्या काकूंनीं तो रेडिओ गड्याच्या डोक्यावर देऊन इकडे पाठविला, निरोप कांहीं नाहीं.

दिनांक १५ ऑगस्ट २०२३ रोजीं हबीब गेल्याची बातमी आली. आम्ही ती सांगावयास धाकट्या काकांकडे गेलों. थोरल्या काकूही तेथें होत्या. भिंतींत दार पाडून आतां बरींच वर्षें झालीं आहेत. काका आरामखुर्चींत पडून ऐकत होते. बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग कोपऱ्यांतल्या त्या मुक्या रेडिओकडे पाहून म्हणाले, "त्या दिवशीं दादानें नुसती मान जरी हलविली असती ना, तरी मीं लावला असता. सारा गोल ऐकायला मिळाला असता."

थोरल्या काकू वाती वळत होत्या. त्यांनीं वर पाहिलें नाहीं.

"हलविली होती, भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आपल्या घड्याळाकडे पाहत होतां."