गिअरबॉक्सा, तुझी ताकद मोजायची कुठे?

प्रिय गिअरबॉक्सा,

धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर काळी-पिवळीवाल्यांचा एक वाद कधी मिटत नाही: महिंद्राचा गिअरबॉक्स दणकट की ट्रॅक्सचा? गाडीच्या नावावरून तुझी जात ठरते आणि तुझ्या पोटात काय चाललंय हे कुणी विचारत नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुझ्यावर पडतो तो इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, माणसांचं ओझं नव्हे. गाडीत नऊ बसले काय नि एकोणीस कोंबले काय, इंजिन आपल्या टॉर्कपेक्षा जास्त देणार कुठून? मग जादा भरलेल्या गाडीत तू लवकर का जातोस? कारण चालकाला टॉप सोडून तिसरा आणि तिसरा सोडून दुसरा टाकावा लागतो, आणि पूर्ण पीळ घेऊन तू तिथेच दळत राहतोस. दात एका दणक्यात क्वचितच तुटतो. लाखो फेऱ्यांत तो थकतो, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, मुळाशी चीर जाते. खरा दणका बसतो तो चढावर क्लचवरचा पाय झटकन सुटला की. फिरत्या फ्लायव्हीलची सगळी गती तेव्हा तुझ्यावर आदळते आणि त्या क्षणापुरता इंजिनाच्या टॉर्कचा हिशेब उरत नाही.

म्हणूनच भुसावळ-रावेर रस्त्यावरचा तू आणि चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढणारा तू, यांचं आयुष्य एक नाही. जुन्या चार गिअरच्या जीपमध्ये चौथा गिअर म्हणजे थेट जोडणी. पीळ मेन शाफ्टमधून सरळ मागे जातो, बाजूचा लेशाफ्ट नुसता फिरत राहतो. केळीच्या बागांमधल्या त्या सपाट रस्त्यावर तू जवळजवळ विश्रांतीच घेत असतोस. घाटात मात्र प्रत्येक मीटर दातांवरून जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मारुती ८००ला अशी थेट जोडणी नाहीच, तिच्यात कुठल्याही गिअरला पीळ दातांवरूनच जातो. पण तिचं इंजिन जेमतेम ६० न्यूटन मीटरचं, त्यामुळे तिच्या इवल्याशा गिअरबॉक्सलाही ते पेलतं. त्याला कमजोर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता तुझ्या घराण्याकडे पाहू. महिंद्राच्या सीजे-३बी जीपमधला टी-९० तीन गिअरचा, बिडाच्या जाड खोक्यातला. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नाही, म्हणून गाडी थांबवा नाहीतर डबल क्लच मारा. पुढे एमएम ५४० आली, तिचं प्युजो डिझेल सुमारे १२० न्यूटन मीटर देत असे. २०२०च्या थारचं डिझेल ३०० देतं. अडीच पट पीळ जुन्या खोक्यात घातला तर तो टिकणार नाही, मग बिडाचं कितीही कौतुक करा. ताकद खोक्याच्या वजनात नसते. दोन शाफ्टमधलं अंतर वाढलं की तेवढ्याच पिळाला दातावरचा जोर कमी होतो. दात रुंद करता येतो, बेअरिंग मोठं बसतं, शाफ्ट वाकत नाही. ॲल्युमिनियमचं खोकंही शाफ्ट समांतर धरून ठेवत असेल तर मला चालतं.

दातांचा तिरपेपणाही बघायला हवा. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६०च्या दशकात मन्सी एम-२२ काढला, त्यात दातांचा तिरपेपणा कमी केला. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने बसणारा रेटा घटला, आवाज मात्र इतका वाढला की लोक त्याला ‘खडीफोड्या’ अशा अर्थाच्या नावानं ओळखू लागले. गुणगुणणारा तू नेहमीच आजारी असतोस असं नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. डिफरन्शियलसाठी आणलेलं ९० नंबरचं तेल सरसकट तुझ्यातही ओतलं जातं. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना खातात. मग गिअर करकरतो आणि बदनामी तुझी होते. दुसरा राग माहितीपत्रकांवर. इंजिनाचा टॉर्क ठळक छापतात, तू किती पीळ सोसशील ते छापत नाहीत. टॉर्क वाढवायला इंजिन रिमॅप करून घेणाऱ्या पोरांना तर हाच आकडा आधी कळायला हवा. तो छापलाच पाहिजे.

तोवर जुनी गाडी घेणाऱ्याला माझं एवढंच सांगणं: सपाट रस्त्यावर चक्कर मारून व्यवहार करू नको, भाऊ. चढावर दुसऱ्यात पूर्ण रेटून ने, मग उतारावर त्याच गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर सोड. गिअर उडून न्यूट्रलला आला, तर किंमत ठरवण्याआधी खोकं उघडून बघ.

तुझा,
एक चाळीसगावकर