हिरवी तोटी

बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात, गंगेकाठच्या एका गावात आम्ही चापाकलाला, म्हणजे हातपंपाला, आर्सेनिक काढणारा फिल्टर जोडला आणि त्याच्या तोटीला हिरवा रंग दिला. हिरवा म्हणजे पिण्याजोगं, लाल म्हणजे विषारी. बांगलादेशातल्या नळकूपांवरही हीच खूण केलेली असते. त्या रंगाची जबाबदारी माझी होती. मी ती निभावली नाही.

मी नागपूरचा, पाण्याच्या कामातला अभियंता. पुस्तकी माहिती माझ्याकडे पुष्कळ होती. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. हे मी गावच्या बैठकीत सांगायचो, तेव्हा समोर बसलेल्या काहींच्या तळहातांची कातडी खडबडीत, जाड झालेली असायची.

फिल्टरमध्ये सक्रिय ॲल्युमिना होता. सुरुवातीला आर्सेनिक लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या आत आलं आणि मी पुढच्या गावाच्या कामाला लागलो. ॲल्युमिना किती काळ पुरेल, हे मी माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून ठरवलं होतं. पण चापाकलाच्या पाण्यातलं आर्सेनिक बरंचसं आर्सेनाइटच्या रूपात असतं. ॲल्युमिना ते नीट धरत नाही. आधी ऑक्सिडीकरण करून त्याचं आर्सेनेट करावं लागतं. शिवाय फॉस्फेट आणि सिलिका ॲल्युमिनावरची जागा अडवतात. हे मी शिकलो होतो, तरी त्या गावच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजलं नव्हतं.

पुढे दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो तेव्हा सोबत तपासणीचा संच होता म्हणून हिरव्या तोटीचं पाणी घेतलं. बाटलीच्या तोंडावरची कागदी पट्टी पिवळी होता होता तपकिरी झाली. प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं: फिल्टर कधीचाच निकामी झाला होता. पाणी मात्र तसंच नितळ येत होतं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

याहून मोठी चूक विहिरीची. गावात जुनी उघडी विहीर होती. जंतूंच्या भीतीने मीच लोकांना तिचं पाणी सोडायला लावलं. आता तिची तपासणी केली, तर आर्सेनिक जवळजवळ नव्हतं. उथळ विहिरीत हवा खेळती असते, लोह विरघळत नाही, आर्सेनिक त्याच्याशी बांधलेलं राहतं. जंतूंवर क्लोरीनचा उपाय होता. 1970च्या दशकात बंगालच्या खोऱ्यात जंतूंच्या भयाने तळी सोडून लोकांना नळकूपांकडे वळवलं गेलं, त्यातून केवढा अनर्थ झाला हे मी व्याख्यानांतून सांगत आलो होतो. आणि तेच मी एका गावात केलं.

आम्ही तोटी लाल रंगवली आणि घरोघर जाऊन चूक सांगितली. एका आजींनी विचारलं, नातवंडांच्या पोटात किती गेलं असेल? लघवीतून अलीकडचं आणि केसांतून काही महिन्यांचं आर्सेनिक कळू शकतं, पण तशा तपासणीची सोय मी केली नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

विहीर उपसून, कठडा बांधून, क्लोरीन टाकून पुन्हा सुरू झाली. फिल्टरमध्ये नवा ॲल्युमिना भरला. आता तोटीशेजारच्या पाटीवर शेवटच्या तपासणीची तारीख लिहितात, आणि ती जुनी झाली की पाणी भरणाऱ्या बायकाच आम्हाला फोन करतात. वापरलेल्या ॲल्युमिनातलं आर्सेनिक कुठे टाकायचं, याला आमच्याकडे अजून नीट जागा नाही. तो पिंपात बंद करून ठेवला आहे.